बीजीपीच्या पॉलिसी सोप्या कशा लिहाव्यात?

शून्यमार्ग

मंडळी, धागा नेटवर्कवाल्यांसाठी आहे, पण प्रोग्रामिंगवाल्यांनी डोकावलं तर अधिक बरं. त्यांच्यासाठी एवढंच: बीजीपी म्हणजे इंटरनेटवरची वेगवेगळी जाळी (प्रत्येक जाळं म्हणजे एक एएस) एकमेकांना पत्त्यांपर्यंतचे रस्ते, म्हणजे रूट, सांगतात ती पद्धत. पॉलिसी म्हणजे कुठला रूट घ्यायचा आणि कुठला पुढे सांगायचा याचे नियम.

आमच्या सीमेवरचे राउटर दोन वेगळ्या कंपन्यांचे आहेत, आणि रूट रिफ्लेक्टर (आतल्या राउटरना एकमेकांचे रूट पोचवणारा) म्हणून बर्ड हे सॉफ्टवेअर चालतं. दोन ट्रान्झिट (पैसे घेऊन बाकीच्या इंटरनेटपर्यंत पोचवणारे), एका एक्स्चेंजवर (अनेक जाळी जिथे जोडली जातात तिथे) बरेच पिअर (बरोबरीच्या नात्यानं ट्रॅफिक देणारे-घेणारे), आणि स्वतःचा एएस असलेले ग्राहक. प्रत्येक शेजाऱ्याला आत येताना एक पॉलिसी, बाहेर जाताना दुसरी. वर्षानुवर्षं ज्याला जे सुचलं ते त्यानं मध्ये घुसवलंय. एखादा रूट ट्रान्झिटला का जातोय एवढं सांगायचं तरी रूट-मॅप (पॉलिसीची कलमं), त्यातली प्रीफिक्स-लिस्ट (पत्त्यांच्या गटांची यादी), तिच्यातला डिनाय, पुढचा कंटिन्यू, मग एएस-पाथचा (रूट कुठकुठल्या एएसमधून आला त्या यादीचा) रेजेक्स, असं बोट ठेवून वाचत बसावं लागतं. नवीन आलेली मुलं त्याला हातच लावत नाहीत.

माझं मत असं की दोष भाषांचा आहे. प्रत्येक कंपनीची लिहिण्याची पद्धत वेगळी, आणि लिहिलेलं चालतं कसं याचा नियमही वेगळा. आपली एक छोटी भाषा करावी, नियम एकच ठेवावा, आणि तिच्यातून तिन्ही कॉन्फिग काढावीत. सहकाऱ्यांना हे पटत नाही. कुणी असं केलंय का? आणि मुळात नियम एकच ठेवता येतो का?

पॅकेटमार

धागा पेटणार. जागा धरून बसतो.

मंदाकिनी

नियम वेगळे आहेत म्हणजे किती वेगळे, ते आधी मांडते. "भाषा बदलली की झालं" असं वाटणाऱ्यांना इथेच ठेच लागते.

रूट-मॅपमध्ये क्रमांकानुसार वरून खाली जायचं, पहिलं जुळलं की थांबायचं, काहीच जुळलं नाही तर शेवटी न लिहिलेला डिनाय असतोच. पण परमिटच्या कलमात वापरलेल्या प्रीफिक्स-लिस्टमधला डिनाय रूट टाकून देत नाही. तो फक्त "हे कलम जुळलं नाही" एवढंच सांगतो आणि रूट पुढच्या कलमाकडे जातो. दोन्हीकडे शब्द एकच, काम निराळं.

जुनोसमध्ये (ज्युनिपरच्या राउटरवरची प्रणाली) पॉलिसींची साखळी असते. कुणीच निर्णय दिला नाही तर प्रोटोकॉलचा डीफॉल्ट लागू होतो, आणि बीजीपीसाठी तो स्वीकाराचा आहे. आता हीच पॉलिसी दुसऱ्या पॉलिसीच्या फ्रॉममधून (अटींच्या भागातून) बोलावली, आणि ती काही न ठरवता संपली, तर तो डीफॉल्ट स्वीकार "जुळलं" म्हणून परत येतो. लिहिणाऱ्याच्या मनात नेमकं उलटं असतं.

सिस्कोच्या एक्सआर प्रणालीत पॉलिसी लिहायची भाषा म्हणजे आरपीएल, तिच्यात इफ-एल्स आहे, डीफॉल्ट ड्रॉप. पास म्हटलं की रूट वाचतो, पण तपासणी पुढे चालूच राहते. डन म्हटलं तर तिथे थांबते. ओपनबीजीपीडी या सॉफ्टवेअरमध्ये तर शेवटी जुळलेला नियम जिंकतो, मध्ये क्विक लिहिलं नसेल तर.

आणि यातली सगळ्यात छुपी गोष्ट: पॉलिसीनं मध्येच मेड (आपल्याकडे कुठल्या वाटेनं यावं हे शेजाऱ्याला सुचवणारा आकडा) बदलला आणि पुढे मेडवरच अट असेल, तर कुठली किंमत दिसते? आरपीएलमध्ये मूळची. जुनोसमध्ये बदललेली. दोन्ही पॉलिसी शब्दशः सारख्या लिहिल्या तरी निकाल वेगळे येऊ शकतात.

आडवाट

मी डेटाबेसवाला. बाळबोध शंका: एक रूट आत जातो, हो किंवा नाही येतं, वर काही रकाने बदलून येतात. हे तर साधं फंक्शन झालं. मग त्यासाठी एवढ्या भाषा कशाला?

मंदाकिनी

@आडवाट, फंक्शनच आहे. इनपुटमध्ये प्रीफिक्स, एएस-पाथ, कम्युनिटी (रूटवर चिकटवलेली आकड्यांची खूण), लोकल प्रेफरन्स (आपल्या जाळ्याची पसंती, मोठा आकडा जिंकतो), मेड, नेक्स्ट हॉप (पुढचा मुक्काम). आउटपुटमध्ये स्वीकार किंवा नकार, आणि बदललेले गुणधर्म. भानगड एवढीच की उत्तरं दोन नसून तीन आहेत: स्वीकार, नकार आणि "मी काही ठरवलं नाही, पुढच्याला विचारा". सगळा गोंधळ या तिसऱ्या उत्तरात राहतो.

दोरखंड

शून्यमार्ग, स्पष्टच लिहितो, राग मानू नका. नवी भाषा केलीत तर तुमच्याकडे तीनच्या चार भाषा होतील. आणि ती लिहिणारा माणूस गेला की चौथी सगळ्यात अवघड ठरेल.

त्रास भाषेचा नाही. एकच निर्णय तुम्ही शंभर ठिकाणी घेताय, त्याचा आहे. "हा रूट कुणाकडून आला" हे ज्या क्षणी रूट आत येतो तेव्हाच ठाऊक असतं. तेव्हाच त्यावर कम्युनिटीचा शिक्का मारा. बाहेर जाताना प्रीफिक्स-लिस्ट नको, एएस-पाथ नको, फक्त शिक्का बघा. लार्ज कम्युनिटी (आरएफसी ८०९२, २०१७; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) आल्यापासून ३२ बिटी एएस क्रमांकवाल्यांचीही अडचण उरलेली नाही. उदाहरणार्थ ६४५००:१:१ म्हणजे ग्राहक, ६४५००:१:२ पिअर, ६४५००:१:३ ट्रान्झिट. ग्राहकाला सगळं द्या. पिअरला आणि ट्रान्झिटला फक्त आपले आणि ग्राहकांचे शिक्के. लोकल प्रेफरन्स ग्राहकाचा सगळ्यात वर, मग पिअर, मग ट्रान्झिट. २००१ साली गाओ आणि रेक्सफर्ड यांनी दाखवलं की सगळ्यांनी साधारण या चौकटीत निवड केली तर एकमेकांशी न बोलताही जगाचं रूटिंग स्थिर राहतं. म्हणजे सोपेपणा नुसता वाचणाऱ्याच्या सोयीचा नाही.

एक पथ्य पाळायचं: शिक्का मारण्याआधी, बाहेरच्यानं आपल्या नावाचे शिक्के मारून पाठवले असतील तर ते पुसायचे. नाहीतर कुठलाही पिअर स्वतःला ग्राहक म्हणवून घेईल.

राऊटराव

दोरखंडांना अनुमोदन. आमच्याकडे बाहेर जाणारी पॉलिसी यामुळे चार-पाच टर्मांत (कलमांत) बसते, आणि शेजारी वाढला तरी ती वाढत नाही.

शून्यमार्ग

@दोरखंड, राग कसला! पण अपवादांचं काय? एका ग्राहकाला अमुक ट्रान्झिटकडे प्रीपेंड (वाट मुद्दाम लांब दाखवणं) हवा असतो, दुसऱ्याला अमुक पिअरकडे जायचंच नसतं. आमच्या पॉलिसी फुगल्या त्या यामुळेच.

राऊटराव

अपवाद कधी तंत्रज्ञानातून येत नाही, तो विक्री विभागातून ईमेलनं येतो. आणि विषयाच्या ओळीत नेहमी "तातडीचे" असतं.

आता गंभीरपणे. ग्राहकाचा अपवाद पॉलिसीत लिहूच नका, ग्राहकालाच त्याच्या रूटवर लिहून पाठवू द्या. प्रीपेंड हवा? त्यासाठी एक कम्युनिटी जाहीर करा, तो लावेल. अमुक पिअरला नको? दुसरी कम्युनिटी. तुमची पॉलिसी सगळ्यांसाठी एकच राहते आणि अपवाद डेटात जातो. फक्त दोरखंड म्हणतात ते पुसण्याचं काम करताना माहितीचे शिक्के पुसा, विनंतीचे राहू द्या. दोघांसाठी मधला आकडा वेगळा ठेवला की काम सोपं.

एक जागा मात्र खरोखर नाजूक आहे: ब्लॅकहोल, म्हणजे हल्ला होत असलेल्या पत्त्याकडचा ट्रॅफिक टाकून देणं. आरएफसी ७९९९ (२०१६) ची ६५५३५:६६६ कम्युनिटी लावून ग्राहक एकेक पत्ता, म्हणजे /३२, पाठवतो. तुमच्या आतल्या पॉलिसीत "/२४ पेक्षा बारीक काही नको" हा नियम आधी असेल तर हल्ला चालू असताना ब्लॅकहोल चालणारच नाही. आरपीकेआयची तपासणी (हा प्रीफिक्स त्याच एएसचा आहे का, हे सही केलेल्या नोंदीवरून बघणं) आधी असेल तरी तेच, कारण आरओएमध्ये, म्हणजे त्या नोंदीत, कमाल लांबी २४ असेल तर तो /३२ इनव्हॅलिड ठरतो. म्हणून ब्लॅकहोलची टर्म वर हवी. पण ती मोकाट नको. तिच्यात स्वतःची अट हवी की हा पत्ता त्याच ग्राहकाच्या मंजूर प्रीफिक्समधला आहे. नाहीतर कुणीही कुणाचाही पत्ता बंद पाडेल.

उलटतपासणी

सगळे छान सहमत होत आहेत, तर थोडी काडी टाकतो.

शिक्के मारले की झालं, हे मला पटत नाही. दोन जाहीर उदाहरणं देतो, दोन्ही क्लाउडफ्लेअरनं स्वतः सविस्तर लिहिलेली. १७ जुलै २०२० ला त्यांच्या बॅकबोनवरच्या एका लिंकवर गर्दी झाली, म्हणून अटलांटाच्या राउटरवरून थोडा ट्रॅफिक हलवायचा होता. टर्म बंद करायची होती, प्रत्यक्षात टर्मच्या आतली प्रीफिक्स-लिस्टची ओळ बंद झाली. अट गेली, कृती उरली. आणि अट नसलेली टर्म सगळ्यांना जुळते! अटलांटानं सगळे रूट लोकल प्रेफरन्स २०० नं बॅकबोनवर जाहीर केले आणि सगळा ट्रॅफिक तिकडे धावला. २७ मिनिटं मोठा भाग आडवा.

दुसरं २१ जून २०२२ चं. हेतू एवढाच की काही रूटना माहितीच्या कम्युनिटी लावायच्या. म्हणजे तुम्ही वर जे सुचवताय त्याच जातीचं काम. त्या बदलात टर्मांचा क्रम हलला आणि "उरलेले सगळे नाकारा" ही टर्म अंतर्गत रूटच्या टर्मच्या वर गेली. १९ डेटा सेंटर जाळ्यातून बाहेर पडली. ती त्यांची सगळ्यात गजबजलेली.

दोन्हीकडे माणसं हुशार होती, कम्युनिटी होत्या. घात केला तो चालण्याच्या नियमानं: रिकामी अट म्हणजे "सगळे", आणि क्रम म्हणजेच अर्थ. त्यामुळे शून्यमार्ग म्हणतात त्यात तथ्य आहे. क्रम हलवला तरी अर्थ बदलणार नाही अशी भाषा असती तर दुसरा प्रकार झालाच नसता.

दोरखंड

@उलटतपासणी, उदाहरणं बिनतोड आहेत. पण नवी भाषा करून शेवटी कॉन्फिग उतरणार त्याच जुनोसवर ना? रात्री कुणीतरी थेट राउटरवर जाऊन ओळ बंद करणारच. त्यावर उपाय वेगळा: अट नसलेली टर्म पॉलिसीच्या शेवटीच चालेल, ती नकाराचीच असेल, आणि यात न बसणारं कॉन्फिग पुढे जाणारच नाही अशी तपासणी. ते छोट्या स्क्रिप्टचं काम आहे.

शिवाय आरएफसी ८२१२ (२०१७) चं तत्त्व घ्या: बाहेरच्या शेजाऱ्याला पॉलिसीच लावलेली नसेल तर काही घेऊ नका, काही देऊ नका. एक्सआर तसं करतो, एफआरआर या राउटिंग सॉफ्टवेअरच्या पारंपरिक प्रोफाइलमध्येही आता तेच डीफॉल्ट आहे. सिस्कोचा जुना आयओएस मात्र पॉलिसी नसेल तर उदार मनानं सगळं वाटतो.

पॅकेटमार

एएस-पाथचा रेजेक्स वाचू शकणारा आणि लिहिणारा माणूस एकच असतो, आणि तो नोकरी सोडून गेलेला असतो.

राऊटराव

हहपुवा! आणि जाताना "टेंपररी" नावाची प्रीफिक्स-लिस्ट ठेवून गेलेला असतो. ती काढायची कुणाची हिंमत नसते.

जुनेजाणते

वाचतोय. कंपन्यांपलीकडची एकच भाषा ही कल्पना नवी नाही, म्हणून थोडा इतिहास.

१९९९ साली आरएफसी २६२२ नं आरपीएसएल नावाची भाषा ठरवली. प्रत्येक एएसनं रजिस्ट्रीत लिहायचं: अमक्याकडून काय घेतो, तमक्याला काय देतो. त्यावरून अवजारांनी राउटरचं कॉन्फिग बनवायचं, आणि साऱ्या जगाचं रूटिंग कागदावर तपासता यायचं. २००५ मध्ये आयपीव्ही६ आणि मल्टिकास्टसाठी तिची पुढची आवृत्ती आली. आज त्यातलं काय टिकलं? रूट ऑब्जेक्ट (कुठला प्रीफिक्स कुठल्या एएसचा याची नोंद) आणि एएस-सेट (एएसचे गट). बीजीपीक्यू४ सारख्या अवजारानं त्यातून प्रीफिक्स-लिस्ट काढतात, आणि ते उत्तम चालतं. इम्पोर्ट-एक्सपोर्टच्या ओळी मात्र बऱ्याच एएसच्या नोंदींत कधीच्या शिळ्या झाल्यात.

कारण उघड आहे. प्रीफिक्सची नोंद चुकली तर कुणाचा तरी रूट अडतो आणि तो फोन करतो. इम्पोर्टची ओळ चुकली तर कुणाचंच काही अडत नाही. ज्या वर्णनातून कॉन्फिग प्रत्यक्ष तयार होत नाही ते जुनं होणारच. शून्यमार्ग, तुमची भाषा कितीही सुबक असो, हाताने राउटर बदलायची वाट उघडी राहिली तर तिचीही तीच गत.

पुढचा प्रयत्न २०२१ चा, आरएफसी ९०६७: रूटिंग पॉलिसीचं यांग मॉडेल (यांग म्हणजे कॉन्फिगची रचना मांडायची भाषा). क्रमानं अटी-कृती, साखळी, उपपॉलिसी, सगळं आहे. पण ते मॉडेल राबवणार जुनीच इंजिनं, म्हणून मंदाकिनीताईंनी सांगितलेल्या खाचाखोचा उरतातच.

घरटं

बर्डच्या बाजूनं कुणीच बोलत नाही म्हणून आलो. बर्डचा फिल्टर म्हणजे सरळ प्रोग्राम. फंक्शन लिहा, व्हेरिएबल ठेवा, प्रीफिक्सचा संच द्या, इफ लावा, ॲक्सेप्ट किंवा रिजेक्ट म्हणा. "ग्राहकाची तपासणी", "बोगॉन (इंटरनेटवर दिसूच नये असा पत्ता) आहे का" अशी फंक्शनं केली की फिल्टर वाक्यासारखा वाचता येतो. तिसऱ्या उत्तराची भानगडच नाही. एक्स्चेंजच्या रूट सर्व्हरवर बर्ड इतका दिसतो तो उगाच नाही. ए-रूट-सर्व्हर हे अवजार तर एकाच वर्णनातून बर्ड आणि ओपनबीजीपीडी दोघांची कॉन्फिग काढतं. मूळ प्रश्नातली कल्पना निदान त्या एका कामापुरती चालू अवस्थेत आहे.

मंदाकिनी

@घरटं, बर्ड मलाही आवडतो. पण भाषा जितकी ताकदवान तितकं तिच्याबद्दल खात्रीनं बोलणं कठीण. रूट-मॅपचं दारिद्र्य हाच त्याचा गुण आहे. अटी ठरावीक, कृती ठरावीक, म्हणून बॅटफिश सारखं अवजार कॉन्फिग वाचून "अमुक अटीत बसणारा एखादा तरी रूट या पॉलिसीतून निसटतो का" असं विचारू देतं. एकेक रूट न तपासता, सांकेतिक पद्धतीनं सगळ्या शक्यतांवर. निसटत असेल तर नमुन्याचा रूट काढून दाखवतं. प्रत्येकानं मनाला येईल तसा प्रोग्राम लिहिला की ही सोय हळूहळू हातातून जाते.

आडवाट

म्हणजे टेस्ट लिहिता येतात! मग अडलंय कुठे? जुनी पॉलिसी आणि नवी पॉलिसी, दोघांना तोच डेटा द्यायचा आणि उत्तरांचा फरक काढायचा. आमच्याकडे क्वेरी बदलताना हेच करतो.

उलटतपासणी

@आडवाट, बरोब्बर, आणि डेटा फुकट मिळतो. ऑरेगन विद्यापीठाचा राउटव्ह्यूज प्रकल्प आणि राइप या नोंदणी संस्थेची आरआयएस सेवा संपूर्ण टेबल एमआरटी या फाइल स्वरूपात ठेवतात. आयपीव्ही४ चे दहा लाखांच्या घरातले रूट दोन्ही पॉलिसींतून सोडायचे. व्हर्च्युअल राउटरवर हे सहज जमतं.

पण खरं टेबल म्हणजे आजची परिस्थिती. पॉलिसी लागते ती उद्याच्या गोंधळासाठी. म्हणून मुद्दाम वाईट रूट बनवून सोडायचे: बाहेरून आलेला आपलाच प्रीफिक्स, बोगॉन, /२५, आपला शिक्का चोरून आणणारा पिअर, आणि ज्याच्या पाथमध्ये मधोमध एखादा मोठा ट्रान्झिटवाला आहे असा ग्राहकाचा रूट. शेवटचा हमखास लीक, म्हणजे जिथे पुढे सांगायला नको तिथे सांगितलेला रूट. २४ जून २०१९ ला अशाच लीकनं इंटरनेटचा बराच ट्रॅफिक धातू बनवणाऱ्या एका कंपनीच्या जोडणीतून वळला होता, आणि वरच्या मोठ्या ट्रान्झिटवाल्यानं तो निमूट पुढे पाठवला.

दोरखंड

थोडं अवांतर, पण सोपेपणाचा एक फायदा कुणी मांडला नाही: वेग. सिस्को राउटर ज्या शेजाऱ्यांची बाहेर जाणारी पॉलिसी एकच आहे त्यांचा आपोआप अपडेट-ग्रुप करतो. पॉलिसी त्या गटासाठी एकदाच चालते आणि तोच संदेश सगळ्यांना जातो. तुम्ही प्रत्येक पिअरला वेगळ्या नावाची, आतून तीच पॉलिसी लावली असेल तर गट होतच नाही. तेच टेबल प्रत्येक पिअरसाठी पुन्हा चालतं. सेशन एकदम परत आली की हा फरक डोळ्यांनी दिसतो.

मंदाकिनी

आणि लीक थांबवण्याचं अर्धं काम तर आता पॉलिसीतून काढूनही घेता येतं. आरएफसी ९२३४ (२०२२): सेशन उभं करतानाच दोन्ही बाजू आपली भूमिका सांगतात, ग्राहक, प्रोव्हायडर, पिअर वगैरे. जुळलं नाही तर सेशनच उभं राहत नाही. जुळलं तर ओटीसी (ओन्ली टू कस्टमर) नावाचा गुणधर्म रूटवर लागतो आणि तो रूट चुकीच्या दिशेला गेला की प्रोटोकॉलच अडवतो. बर्ड, एफआरआर, ओपनबीजीपीडी तिन्हींत आहे. दोरखंडांचे तीन शिक्के म्हणजे हेच, फक्त हाताने मारलेले.

शून्यमार्ग

बापरे, दोन दिवस आलो नाही तर एवढं! सगळ्यांचे आभार. सहकाऱ्यांना धागा वाचायला दिला. ते जिंकल्याच्या थाटात आहेत.

सध्या ठरलं ते असं: नवी भाषा नाही. शेजाऱ्यांचे मोजकेच वर्ग. प्रत्येक शेजाऱ्याची माहिती एका फाइलमध्ये, त्यातून साच्यानं तिन्ही कॉन्फिग, आणि राउटरवर हाताने केलेला बदल दुसऱ्या दिवशी आपोआप पुसला जाईल. अट नसलेली टर्म फक्त शेवटी. पॉलिसीतून पॉलिसी बोलावणं बंद. बर्डवर रिफ्लेक्टर आहे, तिथे पॉलिसी जवळपास नकोच.

मूळ प्रश्नाचा अर्धा भाग राहिला: मध्ये बदललेली किंमत पुढच्या अटीला दिसावी की नाही? साचा लिहायचा तर काहीतरी एक धरावं लागणार.

मंदाकिनी

मूळची. आणि ते पाळायचा सोपा मार्ग म्हणजे आत येताना आधी सगळे नकार, मग पुसणं, मग शिक्का आणि लोकल प्रेफरन्स. वाचणं आधी, लिहिणं शेवटी. लिहून झाल्यावर त्या पॉलिसीत पुन्हा कुठलीही अट नको. मग आरपीएल आणि जुनोस दोघंही तोच निकाल देतील. फक्त विनंतीच्या कम्युनिटी आत येताना नुसत्या ठेवायच्या, त्यांचं काय करायचं ते बाहेर जातानाची पॉलिसी बघेल. ब्लॅकहोलची टर्म मात्र तिथल्या तिथे निकाल देऊन मोकळी होऊ दे.

घरटं

आणि नकारांचा आपसातला क्रम कसाही चालेल, कारण कुठलाही नकार आधी आला तरी उत्तर नकारच. ब्लॅकहोल तेवढा त्यांच्या वर.

शून्यमार्ग

हे आवडलं. म्हणजे साच्यात क्रम फक्त तीन गठ्ठ्यांचा. सुरुवात आत येणाऱ्या पॉलिसीपासून करू की बाहेर जाणाऱ्या?

दोरखंड

आधी आत येणाऱ्या, आणि तिथेही पहिल्या फेरीत फक्त शिक्के मारायचे, दुसरं काही बदलायचं नाही. टेबलमधल्या प्रत्येक रूटवर नेमका एक शिक्का आहे याची खात्री झाल्यावरच बाहेरची बाजू बदला. आधी एक्स्चेंजवरचे पिअर, मग ट्रान्झिट. शिक्का नसलेले रूट सापडतील, ते कुठून येतात ते इथे लिहा, मजा येईल.

पॅकेटमार

"टेंपररी" मधून.

शून्यमार्ग

@पॅकेटमार, आत्ताच बघितलं. आमच्याकडे "टेंपररी-२" पण आहे.